गोलातले पितर

आमचं शेत अमरावतीच्या पूर्वेला, वर्धा नदीकडे उतरत जाणाऱ्या भागात आहे. खालच्या अंगाला काळी जमीन. तिथं आम्ही वांगी, मेथी, सांबार लावतो (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात), आणि दसऱ्या-दिवाळीच्या बेतानं झेंडू. वरच्या अंगाला जमीन एकदम बदलते. मुरमाड माळ, मधूनमधून पळस, आणि त्या माळावर मोठमोठ्या काळ्या दगडांचे गोल. एकेक दगड असा की दोन गड्यांना हलायचा नाही. असे दगड कुणीतरी शेजारी शेजारी मांडून मोठाले गोल केलेले, आणि गोलाच्या आत लहान गोट्यांची भर. गावात त्याला 'गवळ्याचे वाडे' म्हणायचे. फार जुन्या काळी गवळ्यांचा राजा होता, त्याच्या गाईंचे हे गोठे, अशी सांगी होती. हे दगड म्हणजे दगड झालेले गवळी की दगड झालेल्या गाई, यावर मात्र एकमत नव्हतं.

काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले होते. शेतात आईसोबत गेलो की मी आणि माझा भाऊ त्या खळग्यांत चिंचोके टाकून खेळायचो. तिथं कुणी पाहुणा पाहायला येईल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. गाई चरायच्या, बकऱ्या दगडांवर चढून उभ्या राहायच्या, बस्स.

एक गोल मात्र माळावर नव्हता. तो आमच्या शेतातच होता, वरच्या धुऱ्याला लागून. धुरा म्हणजे बांध. आमच्याकडे पहिल्यांदा भाड्याचा ट्रॅक्टर नांगरायला आला, तेव्हा ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि बाबांना म्हणाला, "भाऊ, हे गोटे काढून टाका न. पट्टीच्या पट्टी मोकळी होते. दोन-चार वाफे आरामात निघतीन."

बाबा गोलाकडे बघत राहिले. म्हणाले, "राहू दे. आपल्या आधीपासून बसले हायेत ते. त्यायले उठवनारे आपन कोन?"

ट्रॅक्टरवाला हसला. गावातही लोक हसले, कारण भाजीवाल्याच्या शेतात वीतभर जमीन म्हणजे काय असते ते सगळ्यांना ठाऊक. पण बाबांनी गोलाला वळसा घालून नांगरायला लावलं आणि पुढं दरवर्षी तसंच चालत राहिलं.

मी शाळेत वरच्या वर्गात होते त्या हिवाळ्यात एका विद्यापीठातली मंडळी आली. माळावर तंबू पडले. दोऱ्या बांधून चौकोन आखले. त्यांना कामाला माणसं हवी होती, तेव्हा गावातल्या बायका गेल्या, त्यात आई पण गेली. बाबा म्हणाले, "निंदायचं सोडून गोटे उकरायले जातं?" आई म्हणाली, "पाहून तं येतो काय हाये त्यात. इतके वर्स नुसते वरून पाह्यले."

रोज संध्याकाळी ती घरी यायची ती धुळीनं पांढरी होऊन. आधी तिला घमेली उचलायचं काम होतं. मग तिचा हात हलका आहे हे पाहून त्यांनी तिला कुंचला दिला. मेथीच्या जुड्या बांधणारा हात तो, पानाला इजा न करता देठ उचलायची त्याला सवयच. एक दिवस ती आली आणि चूल पेटवायची सोडून ओट्यावर तशीच बसून राहिली.

"काय झालं वो?" मी विचारलं.

"वाटी निघाली," ती म्हणाली. "मातीची. बाहेरून लाल, आतून काळी. अशी गुळगुळीत का, तुले काय सांगू. माह्याच कुंच्याखाली निघाली." तिनं दोन्ही तळहात जोडून वाटीचा आकार करून दाखवला. "मंग त्या मोठ्या सरांनी सांगतलं का हे गोठे-बिठे काई नाई. हे मानसं पुरल्याच्या जागा हायेत. अडीच-तीन हजार वर्सापयलेचे मानसं. बाजूले लोखंडाची कुऱ्हाड निघाली, घोड्याचे दात निघाले."

मला भीती वाटली. आम्ही तिथं चिंचोके खेळलो होतो. पण आईच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"वाटी देल्ली होती त्यायनं संग," ती म्हणाली. "जानाऱ्याले उपाशी नाई पाठवलं."

मंडळी हिवाळा संपताना तंबू उचलून गेली. खड्डे नीट बुजवले, दगड होते तसे ठेवले. त्यानंतरची अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेलं नवं मडकं ठेवतात, वर आंबा किंवा खरबूज, आणि शेजारी पळसाच्या पानाच्या पत्रावळीवर पुरणपोळीचा घास. त्या वर्षी आईनं एक मडकं जास्तीचं आणलं. बाबांनी विचारलं, "हे कोनाचं?"

"गोलातल्यायचं."

"कोन होते, कोन्या जातीचे होते, काय मालूम आपल्याले?"

"तहान तं सगळ्यायले सारखीच लागते," आई म्हणाली. "अन् त्यायचं करनारं आता कोन राह्यलं?"

जेवणाआधी बाबांनीच ते मडकं खांद्यावर घेतलं आणि आमच्या शेतातल्या गोलापाशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या वर्षी आई म्हणाली, माळावरच्यांनी काय घोडं मारलं? म्हणून पाणी माळावरच्या मोठ्या गोलात ठेवायचं ठरलं. तेव्हापासून एक वर्षही चुकलं नाही.

पुढं माझं लग्न अकोटला झालं. मी एसटीत वाहक म्हणून लागले. खाकी घालून, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आईनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बाबा त्यानंतर फार राहिले नाहीत. शेत भावाकडे आलं.

माळ मात्र हळूहळू पालटत होता. आधी वर्तमानपत्रात फोटो आला. मग कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला, आणि रविवारी मोटारसायकली दिसायला लागल्या. दूरदूरची माणसं यायची. त्यातली काही खरोखर पाहायला येत. गोलाबाहेर चपला काढून उभी राहणारी माणसंही मी पाहिली आहेत. पण बरीचशी सावलीत डबे उघडून प्लेटा तिथंच टाकून जायची. चारचाक्या थेट गोलांपर्यंत चढायच्या, मुरमात चाकोऱ्या पडल्या. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची, फोटोवाला त्यांना दगडावर उभं करायचा. एका पोरानं लहान गोटे उचलून त्यांचा बदाम केला आणि मोठ्या दगडावर पांढऱ्या रंगानं दोन नावं लिहिली. एका अमावास्येनंतर तर सकाळी गुप्तधनाच्या नादानं कुणीतरी खणलेला खड्डा दिसला. बाजूला लिंबू, कुंकू.

आई आणि वहिनी नारळाची शेंडी घेऊन तो पांढरा रंग घासायला गेल्या. अर्धा निघाला, अर्धा तिथंच राहिला. आई मला फोनवर म्हणाली, "लोकायचं येनं चांगलंच हाये वो. पन येतात तं घरात आल्यावानी या ना."

मग सरकारी खात्याचं कुंपण आलं. उंच जाळी, लोखंडी फाटक, निळा फलक, आणि फाटकाला कुलूप. किल्ली अमरावतीला. खड्डे थांबले, रंग थांबला, हे खरं. पण पाहणारेही थांबले. लांबून कुणी यायचं, जाळीला नाक लावून दोन मिनिटं उभं राहायचं, आणि निघून जायचं. आणि अक्षय तृतीयेला आई पाण्याचं मडकं घेऊन गेली तेव्हा तीही जाळीपाशीच अडली.

त्या वर्षी मी रजा घेऊन माहेरी आले होते. मी म्हटलं, "आई, बाहेरच ठेव न. इथून पोचते त्यायले."

तिनं मडकं खाली ठेवलं, पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. "दारातून पानी देल्ल्यावानी झालं हे," ती म्हणाली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "किल्ली कोनापाशी हाये म्हन्ते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं अमरावतीला गेलो. आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत घरची वांगी घेतली होती. मी म्हटलं, "वांगे कायले? लाच दिल्यासारखं दिसते." ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जातं का कोनाकडे?" शेवटी वांगी माझ्या मांडीवरच राहिली, कारण खात्याच्या ऑफिसातल्या साहेबबाईंनी ती घ्यायला नम्रपणे नकार दिला.

त्या बाई तरुण होत्या, पुण्याकडच्या वाटल्या. त्यांनी आमचं नीट ऐकून घेतलं.

"मावशी, संरक्षित जागा आहे ती. तिथं पूजाअर्चा करता येत नाही."

"पूजा कोन करून राह्यलं बाई? पानी ठेवून राह्यली मी."

"पण तुमचं त्यांचं नातं काय?" बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शेजार हाये," आई म्हणाली. "माह्या शेताच्या धुऱ्याले धुरा लागून हाये त्यायचा."

मग बाईंनी अडचण सांगितली, आणि ती खरी होती. फाटक उघडं ठेवलं की गाड्या थेट वर चढतात. गाड्या खाली थांबवायच्या तर पायी यायला वाट नाही, चहूकडे लोकांची शेतं. माणूस नेमायचा तर तो एकटा काय काय बघणार? "वाट असती, खालून पायी येण्यापुरती, तर आम्ही फाटक उघडायचा विचार केला असता," त्या म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या डोक्यातलं कळलं.

घरी आल्यावर तिनं भावाला सांगितलं, की डांबरी रस्त्यापासून माळापर्यंत आपला धुरा जातो, तो रुंद करून लोकांना चालायला द्यायचा. भाऊ जेवता जेवता थांबला.

"तुले समजून राह्यलं का तू काय म्हनतं ते?" तो म्हणाला. "धुऱ्यापायी सख्खे भाऊ कोर्टात जातात. हातभर धुरा सरकला तं डोके फुटतात. अन् तू रस्त्यावरच्या लोकायले वाट देऊन राह्यली?"

"कोनाले कापून देऊन राह्यली का मी? आपल्या जमिनीतून देतो."

"वांगे तोडून नेतीन लोकं. झेंडू ठेवतीन का?"

"नेतीन चार. तुह्या बापानं त्या गोलासाठी वाफे सोडले होते. त्यानं कधी भाव इचारला?"

भाऊ ताटावरून उठला. दोन दिवस मायलेकांत बोलणं नव्हतं. मी मध्ये पडले नाही, कारण त्याचंही खोटं नव्हतं. राबणारा तोच होता. मी अकोटला परत आले, ड्युटीवर गेले, आणि वाटलं की हे इथंच विरणार.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. मी गाडीवर होते, फोन उचलला नाही, स्टँडवर पोचल्यावर लावला. तो म्हणाला, "मी वर गेलतो. गोलापाशी. बाबा बसायचे तिथं बसलो." मग म्हणाला, "देऊन टाकतो वाट. पन माह्या हिशोबानं आखीन. तिनं लुडबुड करू नाई."

त्यानं वाट आखली ती अशी आखली की पाहत राहावं. धुरा आमच्याच अंगानं रुंद केला, मुरूम टाकून चोपला, पावसाचं पाणी जायला चर काढला. दोन्ही बाजूंनी झेंडूची रांग लावली. मी विचारलं, लोक तोडतील ना? तर म्हणाला, "तोडतीन तं तोडतीन. पाय तं वाफ्यात नाई टाकनार."

साहेबबाई येऊन वाट तपासून गेल्या. कागद व्हायला वेळ लागला, पण झाले. गाड्या आता डांबरी रस्त्याच्या कडेलाच थांबतात. फाटकाची किल्ली ग्रामपंचायतीत आली. दिवसा फाटक उघडं असतं, आत पायवाट आखून दिली आहे, दगडावर चढायला बंदी आहे. गावातल्या काही बायकांना खात्यानं माहिती सांगायचं शिक्षण दिलं, त्यात आमची वहिनी आहे. माझी वहिनी, जी पाहुण्यांसमोर चहा ठेवून आत पळायची, ती आता अनोळखी माणसांना उभ्या उभ्या सांगते की लोखंड वितळवणारी, घोडे पाळणारी माणसं इथं राहत होती. पितरांच्या पाण्याचंही ठरलं: अक्षय तृतीयेला एक मडकं फाटकाच्या आत, गोलाबाहेर, आणि संध्याकाळी ते उचलून न्यायचं. आईला ते पटलं. "बाहेर अंगनात ठेवतोच ना आपन," ती म्हणाली.

माझ्या अकोटच्या गाडीत एक शिक्षिका रोज असतात. गेल्या हिवाळ्यात त्या सहलीचा विचार करत होत्या. "दरवर्षी तेच, सेमाडोहचं जंगल नाहीतर बाळापूरचा किल्ला. मुलं कंटाळलीत." मी तिकीट फाडता फाडता म्हटलं, "मॅडम, आमच्या गावाले चला." आणि मग सगळं सांगितलं. पुढच्या स्टॉपची बेल द्यायची विसरले, ड्रायव्हर ओरडला.

शाळेनं एसटीच ठरवली. मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. पहाटे निघालो, पोरं अमरावतीपर्यंत झोपली आणि पुढं इतकी गायली की कान किटले. आमच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा वहिनी तिथं उभी होती, आणि तिच्या मागं, कुणी बोलावलं नसताना, आई.

पोरं दोघादोघांच्या रांगेत झेंडूंच्या मधून चालायला लागली. काही मुलींनी फुलांना नुसता हात लावून पाहिला. वर पोचल्यावर आवाज आपोआप कमी झाला. मोकळा माळ, हिवाळ्याचं ऊन, आणि ते गोल, एकामागून एक, नजर पोचेपर्यंत. मी लहानपणापासून पाहिलेले, पण इतक्या डोळ्यांबरोबर कधी पाहिले नव्हते.

वहिनीनं माहिती सांगितली. वाटीचं सांगताना ती म्हणाली, "ती वाटी ज्यायच्या हातानं निघाली, त्या ह्या." पोरांनी आईकडे वळून पाहिलं. आईनं पदर सावरला.

एका मुलानं विचारलं, "आजी, मुडदे पुरले आहेत तर इथं भूत असंल ना?"

"भूत कायचं रे," आई म्हणाली. "हे लोक घरचे हायेत. आपन पाव्हने. पाव्हन्यानं कसं राहा लागते?"

"नीट," दोन-चार पोरं एकदम म्हणाली.

"मंग राहा."

शिक्षिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "या कोण हो? काय बोलतात!"

"माझी आई," मी म्हटलं. मला पुढं आणखी सांगायचं होतं, बाबांचं, धुऱ्याचं, भावाचं. पण पोरं परतीच्या रांगेत उभी राहायला लागली, आणि तेवढंच सांगून झालं. बाई समजल्या असाव्यात. त्यांनी माझा हात दाबला.

परतताना मी भावाशी बोलायला म्हणून वाट सोडून जरा खाली उतरले. तो वांग्याच्या वाफ्यात उभा राहून पोरांची रांग बघत होता. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला, सगळ्या सहलीला ऐकू जाईल असा:

"ओ वाहक बाई! वाट केली हाये ना तुमच्यासाठी? वाफ्यात काहून चालून राह्यली?"

अख्खी शाळा हसली, भाऊ हसला, आणि मी मुकाट्यानं परत वाटेवर चढले.